सिबिल आणि हातउसने

आम्हा नाशिककरांना ऋण फेडणाऱ्यांची सवय आहे. पितृपक्षात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते, नारायण-नागबलीसाठी त्र्यंबकेश्वरी कुठकुठून माणसं येतात आणि तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपले पणजोबाही सापडतात. पंचवटीतल्या कपालेश्वरासमोर तर नंदीच नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटायची वाट नंदीने दाखवली, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि पुढ्यात बसू दिलं नाही, अशी कथा आहे. म्हणजे थकबाकी देवालाही चुकली नाही आणि सल्लागार त्यालाही लागला.

माझ्या भाच्याचा नंदी बँकेत भेटला. भाचा अंबडला कारखान्यात आहे. पाथर्डी फाट्याजवळ बेचाळीस लाखांचा फ्लॅट त्याने मनोमन सजवूनही टाकला होता. कर्ज विभागातला मुलगा म्हणाला, “आधी सिबिल बघू.” कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी ही कंपनी २००० साली निघालेली, पण तिचा ३०० ते ९०० मधला आकडा लोक आता रक्तगटासारखा सांगतात. साडेसातशेच्या पुढे असला की बँकवाले खुर्ची पुढे करतात.

भाच्याचा सिबिल अहवाल मी पाहिला. प्रत्येक कर्जाखाली महिनेवार चौकटी, चौकटीत हप्ता किती दिवस थकला तो आकडा. ०००, ०००, ०००. शाळेत शून्याला छडी बसायची, इथे शून्यांची माळ म्हणजे पहिला नंबर! भाच्याच्या माळेत मध्येच ०६०. नोकरी बदलताना मोबाइलचे हप्ते राहिले होते. त्याहून वाईट म्हणजे एका क्रेडिट कार्डापुढे ‘सेटल्ड’. वसुलीवाला म्हणाला होता, निम्मे भरा, विषय मिटवा. यानेही मिटवला आणि घरी पेढे आणले. बँकांच्या लेखी मात्र ते अर्धवट फेडलेलं कर्जच. उरलेले पैसे भरा, नाहरकत दाखला घ्या, नोंद ‘क्लोज्ड’ करून घ्या, मग या, असा निरोप मिळाला. गावाकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तो उतरवायलाही खेटे पडतात. पण तिथे निदान भांडायला समोर तलाठी असतो.

भाचा कामाला लागला. फेडायच्या देण्यांची यादी फ्रिजवर चिकटवली: कार्ड, मोबाइल, स्कूटरचे उरलेले हप्ते. मी चष्मा लावून ती दोनदा वाचली. त्याच्या लग्नात मी दिलेले चाळीस हजार हातउसने कुठेच नव्हते.

“मामा, ते सिबिलमध्ये कुठे दिसतात?” तो निरागसपणे म्हणाला.

खरंच आहे. त्यांची नोंद फक्त बहिणीकडे. मी गेलो की ती न विचारता दुसरा चहा टाकते, तेच व्याज.

आता बँका महिन्यातून एकाहून जास्त वेळा माहिती कळवतात, त्यामुळे आकडा सुधारलेला लवकर दिसला. कर्ज मिळेल. फक्त तीस लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. उरलेले आठ लाख चाळीस हजार, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, हे सगळं ज्याचं त्याने बघायचं.

बहिणीचा काल फोन आला होता. रविवारी भाचा सहज म्हणून येतोय. येताना कोंडाजीचा चिवडा आणतोय, एक किलो.