तांबडा-पांढरा आणि बोका

नाशकात बसून बोका ज्युनियर्स या अर्जेंटिनाच्या फुटबॉल क्लबचा चाहता असण्यात एकच अडचण आहे. भांडायला कोणी मिळत नाही.

१९८६ चा वर्ल्ड कप दूरदर्शनवर पाहिला, मॅराडोना डोक्यात बसला आणि मॅराडोना ज्या क्लबवर जीव टाकतो तोच आपला, असं मी परस्पर ठरवून टाकलं. तेव्हापासून निळा-पिवळा. ब्युनोस आयर्स आपल्या साडेआठ तास मागे, त्यामुळे तिथली रात्री नऊची मॅच माझ्या घरी पहाटे साडेपाचला लागते. कॉलनीत त्यामुळे माझी ख्याती धार्मिक माणूस अशी आहे. अंधारात माझ्याच खिडकीत दिवा दिसतो, मधूनच ‘देवा, देवा’ ऐकू येतं. एवढ्या पुराव्यावर मला सोसायटीच्या मंदिर कमिटीत घेतलं गेलं. मीही खुलासा केला नाही. प्रसादाचा शिरा चांगला असतो.

बोकाचा जन्माचा वैरी म्हणजे रिव्हर प्लेट. दोघे एकाच ठिकाणचे, ला बोका नावाच्या बंदरावरच्या गोरगरिबांच्या वस्तीतले. रिव्हर १९०१ चा, बोका १९०५ चा. पुढे रिव्हरने वस्ती सोडली आणि शहराच्या उत्तरेकडे, पैसेवाल्यांच्या शेजारात बिऱ्हाड केलं. गल्लीतलं घर सोडून बंगल्यात राहायला गेलेल्या चुलत्याबद्दल उरलेलं घराणं काय बोलतं हे मराठी माणसाला समजावायला नको. म्हणजे मुळात ही भाऊबंदकी, फुटबॉल नंतरचा.

पण भाऊबंदकीला भाऊबंद लागतात. तपोवनापासून सातपूरपर्यंत मला रिव्हरचा एक माणूस सापडला नाही. रविवारी बोका जिंकला तरी सोमवारी कोणाच्या दारावरून मुद्दाम शीळ घालत जावं? शहराचा स्वभावच तसा नाही. आमच्या मोठ्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, त्याला म्हणतात गोल्फ क्लब आणि तिथे खेळतात क्रिकेट. याबद्दल कोणाची काही तक्रार नाही. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पिढ्यान्‌पिढ्या तोच. हेच अर्जेंटिनात असतं तर रंगावरून डोकी फुटली असती. नाशिककर या रहाडीत उडी मारतो, ओल्या अंगाने पुढच्या रहाडीत जातो आणि संध्याकाळी दोन्ही रंगांत भिजून घरी येतो. असल्या समंजस माणसांत वैर जोपासायचं कसं?

शेवटी सासुरवाडी कामाला आली. सासुरवाडी कोल्हापूरची. पेठ कुठली ते लिहीत नाही. लिहिलं तर उरलेल्या पेठांत मला चहासुद्धा मिळायचा नाही.

कोल्हापुरातले निम्मे फुटबॉल क्लब म्हणजे मुळात तालमी. लाल मातीत शड्डू ठोकणाऱ्यांच्या वस्तीत कधीतरी चेंडू आला आणि राहिला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. नाव कुस्तीचं, खेळ फुटबॉलचा आणि बघणाऱ्यांचा आवेश दोन्हींचा मिळून. इथला क्लब पोरगा निवडत नाही. ज्या गल्लीत पाळणा हलला तिथला क्लब त्याला आडनावाबरोबर मिळतो. ला बोकामध्ये नेमकं हेच चालतं हे मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. ते इतक्या जवळ, एका रात्रीच्या एसटीवर आहे, हे लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा मेव्हण्याबरोबर शाहू स्टेडियमवर गेलो तेव्हा शेजारी टोपीवाले आजोबा बसले होते. हातात शेंगांची पुडी. त्यांनी चार शेंगा माझ्या तळहातावर ठेवल्या आणि विचारलं, “पावणं, कुणाकडनं?”

मी नाशिकच्या संस्कारांना जागून म्हणालो, “मी आपला चांगल्या खेळाकडनं.”

आजोबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काही बोलले नाहीत. मांडीवरची पुडी उचलली आणि पलीकडच्या मांडीवर ठेवली. मेव्हणा कानाशी येऊन म्हणाला, “दाजी, आसलं पुन्यांदा बोलू नका. दोन्हीकडनं खाशीला.” शेंगा नव्हेत, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्या दिवशी मला प्रथमच परदेशी चाहता असण्याचा खरा अर्थ कळला, आणि त्यासाठी पासपोर्ट लागला नाही. पुढचे दीड तास मी शेजाऱ्यांकडे बघून टाळ्या वाजवत होतो. पंच कोणाच्या बाजूचा आहे यावर मात्र दोन्ही गॅलऱ्यांचं एकमत होतं. तो समोरच्यांचा.

रात्री जेवायला तांबडा-पांढरा. पहिला घोट घ्यायच्या आत मी अर्जेंटिनाची बढाई मारायला सुरुवात केली, ती अंगाशी आली. म्हटलं, बोकाचं मैदान, ला बोम्बोनेरा, तिथे कोका-कोलाची जाहिरात काळ्या-पांढऱ्या रंगात लावलेली. का? तर लाल-पांढरा हा रिव्हरचा रंग. तो आमच्या मैदानात नको.

मेव्हण्याने पळी खाली ठेवली. “म्हंजे दाजी, तुमच्या धर्मात तांबडं नि पांढरं एकत्र चालत न्हाई?”

“चालत नाही.”

“आई, दाजींच्या वाट्या उचल.”

सासूबाई खरोखरच उठल्या. बोका ज्युनियर्सवरची माझी निष्ठा त्या क्षणी जेवढी डळमळली तेवढी कुठल्याही पराभवाने डळमळलेली नाही. एका वेळी एकच वाटी तोंडाला लावायची, तांबडा संपल्यावर पांढरा, अशी तडजोड निघाली. बोकाच्या घटनेत ती बसते असं मी मानतो.

मग रिव्हरवाल्यांना कोंबड्या का म्हणतात ते सांगणं ओघानेच आलं. १९६६ सालची कोपा लिबेर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल. पेनयारोलविरुद्ध रिव्हर दोन गोलांनी पुढे होता आणि जादा वेळेत ४-२ असा हरला. मायदेशी पुढच्याच एका मॅचला समोरच्या प्रेक्षकांनी मैदानात एक पांढरी कोंबडी सोडली, अंगावर लाल पट्टा बांधून. ते नाव आजतागायत चिकटलेलं आहे. आमचे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, ते फुटबॉलबद्दल कधी बोलत नाहीत. त्यांनी मान वर केली. “तांबडी नि पांढरी एकाच कोंबडीत. आमच्यात सोडली आसती तर पलीकडच्या गोलापत्तर पोचली नसती.”

उलट बाजूने बोकावाल्यांना रिव्हरवाले शेणवाले म्हणून चिडवतात, वस्तीतल्या वासावरून. आमच्या लोकांनी तेही अभिमानाने अंगावर घेतलं, इतकं की गाण्यांत ते स्वतःच स्वतःला तसं म्हणवून घेतात. हे सांगितल्यावर मेव्हण्याने प्रथमच माझ्या क्लबकडे आदराने पाहिलं.

ब्युनोस आयर्सजवळच्या आवेयानेदामधल्या मांजरांची गोष्टही त्याला आवडली. रेसिंग आणि इंडिपेंडिएंते या दोन क्लबांची मैदानं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. १९६७ मध्ये रेसिंग जगज्जेता झाल्यावर इंडिपेंडिएंतेच्या लोकांनी रात्री त्यांच्या मैदानात सात मेलेली मांजरं पुरली, असं सांगतात. पुढे खणून सहा निघाली, सातवं सापडेना. आणि १९६६ नंतर रेसिंगला लीग जिंकायला २००१ उजाडलं. मेव्हण्याने विचार करून विचारलं, “सातवा बोका व्हता काय?” मी विषय बदलला.

सगळंच काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तिथे बार्रा ब्रावा म्हणून टोळ्या आहेत, तिकिटांपासून पार्किंगपर्यंत सगळ्यात त्यांचा हात. माणसं मेली आहेत. २०१३ मध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांना मैदानात यायलाच बंदी झाली. २०१८ मध्ये बोका-रिव्हर अशी लिबेर्तादोरेसची फायनल आली. दुसऱ्या सामन्याला निघालेल्या बोकाच्या बसवर दगडफेक झाली, खेळाडूंना काचा लागल्या आणि फायनल उचलून थेट माद्रिदला नेली. तिथे ९ डिसेंबरला रिव्हर ३-१ जिंकला. त्याबद्दल मी अजून जास्त लिहू शकत नाही.

मेव्हणा मात्र माद्रिदवर अडला होता. “म्हंजे बंदोबस्त पुरंना म्हणून आमच्या पेठांची फायनल तुमच्या नाशकात ठेवल्यागत?”

“गोल्फ क्लबवर.”

“बघाय कोण येणार?”

“सकाळी चालायला येणारे.”

ही कल्पना त्याला इतकी भीषण वाटली की त्या रात्री त्याने पुढे काही विचारलं नाही.

वर्ल्ड कप आला की हे पेठांचं प्रकरण आणखी एक वळण घेतं. कोल्हापूर अर्जेंटिना आणि ब्राझील असं वाटून घेतं. चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे कटआउट. खाली शुभेच्छुकांचे फोटो, मेस्सीपेक्षा थोडेच लहान. १८ डिसेंबर २०२२ ला फायनल ३-३ झाली आणि अर्जेंटिनाने पेनल्टीवर ४-२ अशी काढली, तेव्हा मी नाशकात खुर्चीवर उभा होतो. बायको म्हणाली, खाली उतरा, पंखा लागेल. जल्लोष करायला खाली गेलो तर पार्किंगमध्ये वॉचमन एकटा. त्याला पेढा दिला. त्याने विचारलं, “मुलगा की मुलगी?”

तेवढ्यात मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल. मागे गुलाल, हलगी, फटाके, निळे-पांढरे झेंडे, आणि मधोमध हा, चेहरा पाडून. मला वाटलं, आनंदाने रडतोय.

“काय झालं रे?”

“पलीकडच्या पेठेनं पण अर्जेंटिनाचा झेंडा काढलाय, दाजी. हाफटाइमपत्तर फ्रान्सवाली व्हती सगळी. आता म्हंत्यात आमीबी मेस्सीचीच. आमच्या आदी मिरवणूक काढली त्यांनी!”

“अरे पण जिंकलो ना आपण?”

“जिकलं खरं,” तो म्हणाला, “पण त्यांच्यासंगट जिकायला काय मजा हाय?” आणि हलगीच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं की तो कोणाला तरी ओरडून सांगत होता, आमची अर्जेंटिना येगळी, तुमची येगळी.