तीन वर्षांच्या डोळ्यांवर हेडसेट

अमरावती रोडवर वाडी ओलांडली की वडधामना लागतं. 27 जुलै 2025 रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी इथे देशातली पहिली ‘एआय अंगणवाडी’ सुरू केली. नागपूर जिल्हा परिषदेच्या ‘मिशन बाल भरारी’तला हा प्रयोग. स्मार्ट बोर्ड, टॅबलेट आणि डोळ्यांवर चढवायचे व्हीआर हेडसेट. कॉन्व्हेंटच्या पोरांना जे मिळतं ते खेड्यातल्या पोरांनाही मिळावं, हा हेतू चांगलाच आहे. हेडसेटला मात्र माझा ठाम विरोध आहे.

अंगणवाडीतलं मूल तीन ते सहा वर्षांचं. हेडसेट बनवणाऱ्यांचंच म्हणणं ऐका. मेटा सांगते, 10 वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. सोनी तर 12 म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास पडदा चालेल असं सांगितलं, आणि त्याहून कमी असेल तर बरंच. घरातल्या मोबाईलवर हा तास सकाळीच संपतो. स्वीडननं बालवाड्यांत डिजिटल साधनं सक्तीची केली होती. 2023 मध्ये तिथल्याच सरकारनं ती सक्ती मागे घ्यायचं ठरवलं. ज्या वाटेवरून ते परत फिरले, तीच वाट आपण आता धरतोय.

याच नागपुरात मुलांचा तान्हा पोळा असतो. पोर लाकडी बैल दोरीनं ओढत गल्लीभर फिरतं. बैल जड आहे, चढावर अडतो, चाक खड्ड्यात गेलं की आडवा पडतो, मग त्याला उचलून उभं करावं लागतं. या वयाचं शिकणं असं हातापायांतून आत जातं. हेडसेटमधला बैल दिसतो झकास, पण त्याला वजन नसतं, आणि शेजारच्या पोराशी त्याच्यासाठी भांडताही येत नाही. ताराबाई मोडकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांना घेऊन त्यांनी शिंपले, बिया, पानं, माती यांतून बालशिक्षण उभं केलं. पैसा नव्हता म्हणून हे केलं, असं समजू नका. त्यामागे मुलाच्या वाढीचा पक्का अभ्यास होता.

तंत्रज्ञान नकोच, असं मी म्हणत नाही. ते सेविकेला हवंय, आणि तिच्याच वाट्याला सगळ्यात वाईट आलंय. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, कारण फोन सारखे बंद पडत होते आणि कामाची नोंद करायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. आता 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देण्याआधी लाभार्थ्याचा चेहरा ॲपवर जुळवावा लागतो. रेंज गेली की ताई फोन उंच धरून उभी, समोर बाई लेकरू कडेवर घेऊन ताटकळलेली, आणि आत पोरं वाऱ्यावर. वजनं, लसीकरण, गृहभेटी, निवडणुकीचं काम, हे सगळं त्याच एका बाईकडे. मानधन आणि पेन्शनसाठी याच बायकांनी 4 डिसेंबर 2023 पासून 52 दिवस संप केला.

वडधामन्यातल्या ताईला बोर्ड चालवायला शिकवलं, ते ठीक. पण पाच मिनिटांच्या गोष्टीसाठी पंधरा पोरं मांडीशी घेऊन बसायला तिला वेळ मिळतो का, हे कोण मोजणार? तीन वर्षांच्या पोराला भाषा येते ती त्याच्याकडे बघून बोलणाऱ्या माणसाकडून. ते मध्येच काहीतरी विचारतं, ताई थांबते, त्याच्याच बोलीत उत्तर देते. हेडसेट घातलेल्या पोराला ताईचा चेहराच दिसत नाही.

जिल्हा परिषदेनं हे हेडसेट वरच्या वर्गांना द्यावेत. आठवीच्या पोरांना हृदय कसं चालतं, ज्वालामुखी कसा फुटतो, हे त्यात बघू द्या. तिथे त्यांचं सोनं होईल. अंगणवाडीला आणखी एक मदतनीस द्या, मेमध्ये चालेल असा कूलर द्या, आणि सेविकेच्या फोनवर विनारेंज चालणारं, साध्या मराठीतलं ॲप द्या. पुढची ‘एआय अंगणवाडी’ उघडण्याआधी हे तिन्ही झालेलं दिसलं पाहिजे.