कर्वे रोडची ऐकीव सफर

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला प्रवास आठवला पाहिजे, अशी एक जुनी समजूत आहे. एरंडवण्याहून नारायण पेठेपर्यंतची माझी ही सफर मात्र संपूर्णपणे सौ.च्या साक्षीवर उभी आहे, आणि त्या साक्षीची उलटतपासणी घ्यायची सोय नाही.

निमित्त होतं पोटाच्या दुर्बिणीचं. आधी घशात बधिर करणारा फवारा मारला, मग शिरेतून मिडाझोलम दिलं. या औषधाचा गुण असा, की माणूस उठतो, बोलतो, चपला घालतो. पण नवीन काही डोक्यात नोंदलंच जात नाही. जुनं दप्तर मात्र शाबूत. भूल उतरत असलेल्या माणसाला रिकव्हरी रूममधून कधी सोडावं, यासाठी अ‍ॅल्ड्रेट नावाच्या डॉक्टरांनी १९७० साली एक परीक्षाच काढली. हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग (हल्ली रंगाऐवजी ऑक्सिजन बघतात), प्रत्येकी दोन गुण. दहात नऊ पडले की सुटका. मला नऊ पडले. कापलेला गुण कशातला, असं विचारून मी सिस्टरांकडे फेरतपासणीची मागणी केली म्हणे.

गरवारे कॉलेजपाशी मी रिक्षावाल्याला पानशेतची हकिगत सांगायला घेतली. १२ जुलै १९६१, धरण फुटलं, पुण्यात हाहाकार; तारखेसकट बिनचूक. डेक्कनच्या सिग्नलला ती संपली. सिग्नल सुटला आणि ती पहिल्यापासून सुरू झाली. लकडी पुलावर धरण तिसऱ्यांदा फुटलं तेव्हा तो कळवळून म्हणाला, "काका, आधीचं पाणी तरी ओसरू द्या!"

अलका चौकात मी चहासाठी रिक्षा थांबवायला सांगितली. सौ.नं ती पुढे हाकायला लावली. घसा बधिर असताना घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून बधिरपणा उतरेपर्यंत पाणीसुद्धा बंद. "पेठेतल्या माणसाचा चहा वाट चुकत नाही," हा माझा युक्तिवाद फेटाळला गेला.

खरा घाट लागला तो जिन्यात. सोसायटीचे सेक्रेटरी समोरून आले आणि मी आपण होऊन म्हणालो, "पुढच्या वर्षी खजिनदार मी!" शुद्धीवर असलेला सभासद असं बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक, त्यांनी तत्काळ कागद पुढे केला. सौ.नं त्यावर डिस्चार्जचा कागद ठेवला. चोवीस तास गाडी चालवायची नाही, दारू प्यायची नाही, महत्त्वाचे निर्णय घ्यायचे नाहीत आणि कायदेशीर कागदावर सही करायची नाही. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे उद्या किती वाजता येऊ?"

तेव्हा वाचकहो, गुंगी घेऊन दुर्बीण करायची असेल तर सोबत खमकं माणूस न्याच. एकट्याला सोडतही नाहीत. आणि घरी येताना, असलाच तर, मागचा जिना वापरा.