दोनशे तासांचा कॅप्टन

जून 2023 मध्ये इंडिगोने एका झटक्यात 500 विमानांची ऑर्डर दिली, तेव्हा ताईच्या घरी फटाके फुटायचेच तेवढे राहिले. त्याच्या आधी फेब्रुवारीत एअर इंडियाने 470 सांगितली होती. भाऊजींनी पेपरच्या कोपऱ्यात बेरीज मांडली, 970. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "इतक्या इमानांत एक खुर्ची नाही भेटणार आपल्या पोराले?"

पोरगा, म्हणजे माझा भाचा, नुकताच पायलट झाला होता. शिकला गोंदियाला. पुण्यामुंबईच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. त्याच्या लेखी गोंदिया म्हणजे धान, विडी आणि रेल्वेचं जंक्शन. पण इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात बांधलेली बिरसीची धावपट्टी तिथे आहे. उत्तरेत धुकं पडलं की रायबरेलीची सरकारी उड्डाण अकादमीसुद्धा आपली पोरं तिकडे पाठवते. आमचा हिरो तिथून सरावाला निघाला की ताई नागपुरात गच्चीवर जाऊन आभाळाकडे हात हलवायची. ते विमान बहुतेक मुंबईचं असायचं. तिला कोणी सांगितलं नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे 200 तासांचं उड्डाण लागतं. शेजारी एक निवृत्त तहसीलदार राहतात. त्यांनी ताबडतोब 200 ला 24 ने भागलं. "आठ दिवस आठ तास! आणि खर्च किती म्हणता?" भाऊजींनी आकडा सांगितला. अर्ध्या कोटीच्या घरातला होता. तहसीलदार चहा न घेता उठले.

यापुढची गोष्ट आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती. परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली, असं नसतं. एअरबस 320 किंवा बोइंग 737, ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचे पुन्हा काही लाख. शिवाय कंपन्यांना कॅप्टन हवे असतात. शिकाऊ मुलांची रांग दाराबाहेर असते. मागे एकदा तर आपल्या कंपन्या तात्पुरत्या परवान्यांवर परदेशी कॅप्टन आणत होत्या आणि आपली ताजी पोरं घरी बसून लॉगबुकाला कव्हर घालत होती. शेवटी घरच्या बैठकीत ठरलं की त्यांचे लोक इकडे येतात, तर आपलं पोरगं तिकडे जाईल. हिशेबाला हा ठराव चोख होता. सोबत मामाने जावं असंही ठरलं, कारण मामा रिकामा होता.

भाच्याने जगाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि एकेक देश खोडायला घेतला. अमेरिकेत 2009 साली बफेलोजवळ एक विमान पडलं, त्यानंतर 2013 पासून तिथे को-पायलटलाही साधारण 1500 तास लागतात. खोडलं. युरोपात आपला परवाना तसाच चालत नाही, 13 पेपर पुन्हा द्यायचे आणि वर तिथे काम करायचा हक्क हवा. सगळा युरोप एका रेघेत गेला. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे गाऱ्हाणं आपल्या पोरांना नवं नाही. फक्त इथे अनुभवाचा तासाचा भाव पंचवीस हजार रुपये पडतो.

आखाती देश मात्र खोडायला मी नकार दिला. तिथे आपली ओळख होती. नागपूरच्या माणसाचा ओळखीवर जेवढा विश्वास आहे तेवढा परमेश्वरावर नाही. ताईच्या जावेचा चुलतभाऊ दुबईच्या विमानतळावर "मोठ्या पोस्टवर" होता. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून शारजाला थेट विमान जातं, तेव्हा अडचण ती काय? भाच्याच्या बॅगेत परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, लॉगबुक. माझ्या बॅगेत संत्रा बर्फी आणि सांबारवडी. पहाटे उतरलो, दुपारी मोठ्या पोस्टला भेटलो. गृहस्थ विमानात जेवणाचे ट्रे पोचवणाऱ्या विभागात होते. अतिशय सज्जन. त्यांनी आम्हाला पोटभर खाऊ घातलं आणि सांगितलं की इथे हजारो तास उडालेले लोक लागतात, त्यांचेही अर्ज कॉम्प्युटरवरूनच जातात आणि कार्यालयाच्या दारात कोणी उभंही करत नाही. बर्फी त्यांनी ठेवून घेतली.

परत येताना विमानात भाचा म्हणाला, "मामा, एक जागा आहे. पण तुम्हाले पटणार नाही."

जागेचं नाव माऊन. आफ्रिकेत बोत्सवाना नावाचा देश आहे, त्याच्या उत्तरेला. अंगोलातल्या पावसाचं पाणी ओकावांगो नदीतून येतं आणि समुद्राला न जाता वाळवंटातच पसरून जिरतं. ऐन कोरड्या मोसमात तिथे पूर येतो. त्या पाण्याभोवती हत्ती, सिंह, पाणघोडे. त्यांना पाहायला श्रीमंत पाहुणे. आणि पाहुण्यांना पाण्यापलीकडच्या तंबूंवर पोचवायला लहान विमानं, कारण रस्ता नाही. या विमानांवर जगभरची कोवळी पोरं आपले पहिले तास कमावतात. म्हणजे आपल्याकडे तासाला पैसे मोजावे लागतात, तिथे तासाचे पैसे मिळतात! हे वाक्य ऐकताच भाऊजींनी तिकिटाला होकार भरला.

मुंबई, अदिस अबाबा, जोहान्सबर्ग आणि तिथून माऊन. वाटेत मला प्रत्येक ठिकाणी "शाकाहारी" हा शब्द हातवाऱ्यांनी करून दाखवावा लागला. माऊनला उतरलो तेव्हा हॉटेलवाल्या बाईने आम्हाला उन्हापासून सांभाळायला सांगितलं. नागपूरच्या माणसाला! आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून नम्रपणे हसलो आणि भर दुपारी फिरायला निघालो. गाव म्हणजे एक लांब रस्ता, त्यावर बिनधास्त उभी गाढवं, कडेने वाळू आणि मधोमध विमानतळ. चॉपीज नावाचं सुपरमार्केट दिसलं, ते वाढवणारा माणूस मूळ केरळचा. आत हळद मिळाली. ताईला तसा मेसेज टाकला. तिची अर्धी काळजी तिथेच मिटली.

आता नोकरी शोधायची रीत. मी मनाची तयारी करून गेलो होतो, की पुन्हा काच, पुन्हा कॉम्प्युटर. पण माऊनमध्ये विमानतळाच्या आसपास छोट्या कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि पोरं हातात बायोडाटा घेऊन दार ठोठावत फिरतात. आत एक चीफ पायलट असतो. तो मान वर करून बघतो, कागद ठेवून घेतो आणि म्हणतो, अजून काही नाही, येत राहा. मग पोरं खरंच येत राहतात. रोज. तोंड दाखवायचं, कॉफी प्यायची, कोणाचं विमान ढकलायला हात लावायचा, संध्याकाळी सगळ्या कंपन्यांचे पायलट जिथे बसतात तिथे जाऊन बसायचं. मोसम सुरू व्हायच्या आधी ज्याचा चेहरा ओळखीचा झाला, त्याला चाचणीसाठी बोलावणं येतं.

मी थक्कच झालो. अहो, ही तर अस्सल आपली पद्धत! महापालिकेत, तहसिलीत, इतवारीच्या गादीवर, आमची हयात असंच "येत राहण्यात" गेली. न्यूझीलंड, जर्मनी, इंग्लंडची गोरी पोरं बिचारी या शास्त्रात अगदी कच्ची होती. दोनदा नाही ऐकलं की तोंड पाडून तंबूत जाऊन झोपायची. मी भाच्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अबे, नाही म्हटल्यावर उठायचं नसते. बसून राहायचं. पंखा तर चालू आहे नं?"

तो बसून राहिला. मीही त्याच्या शेजारी बसलो. एका कार्यालयातल्या बाईंना मी मामा आहे हे समजावताना बराच वेळ गेला, पण समजल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली. सांबारवडी शिळी झाली होती तरी त्यांनी दोन खाल्ल्या. भाच्याला हळूहळू कामं मिळू लागली, बिनपगारी. आधी पाहुण्यांच्या बॅगा तोलणं. इथे माणशी 20 किलो, तेही मऊ पिशवीत, कारण सेसनाच्या पोटात कडक सुटकेस शिरत नाही. एक अमेरिकन बाई चाकाच्या भल्यामोठ्या बॅगेवर अडून बसल्या होत्या. भाच्याने अर्ध्या तासात त्यांचं सगळं सामान दोन कापडी पिशव्यांत कोंबून दिलं. दिवाळीत नागपूर-पुणे गाडीने प्रवास केलेल्या मुलाला यात कठीण ते काय? चीफ पायलट दारात उभा राहून हे बघत होता.

चाचणी झाली. हवाई कायद्याचा पेपर झाला. कामाच्या परवान्याचे कागद निघाले. त्यांना लागलेला वेळ पाहून मला घरच्यासारखं वाटलं. आणि एका सकाळी सहा आसनांच्या सेसना 206 मध्ये मला मागच्या खुर्चीत बसवून भाच्यासोबत एक अनुभवी पायलट निघाला. खाली पाणी, गवत, पुन्हा पाणी. उतरायची वेळ झाली तसं विमान पट्टीजवळ नुसतंच खाली आलं आणि परत वर गेलं. मी खुर्ची घट्ट धरली. भाचा मागे वळून म्हणाला, "काही नाही मामा, हत्ती उभा होता. तो गेला की उतरू." बिरसीच्या लांबलचक पक्क्या पट्टीवर हा धडा नसतो. हत्ती सावकाश गेला. त्याला कोणी घाई करत नव्हतं.

रात्री भाच्याला ताईचा फोन आला. "इमान केवढं आहे?"

"पाच पाहुणे बसतात."

"अन् पायलट किती राहतात?"

"मी एकटाच."

ताईने लगेच मुद्दा पकडला. मोठ्या कंपनीत लागला असता तर कित्येक वर्षं उजव्या खुर्चीत को-पायलट म्हणून काढली असती. इथे विमानात दुसरा कोणी नाही, म्हणजे कायद्याने सगळी सूत्रं याच्याच हाती. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या बायोडाटात नावामागे "कॅप्टन" लागलं आणि पुढे "परदेशस्थ". यात खोटं काहीच नाही. कॅप्टन स्वतः बॅगा चढवतो, स्वतः काच पुसतो आणि पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या वाटतो, एवढं लिहायला त्या पानावर जागा उरली नव्हती. भाऊजींनी मागच्या बाजूला 1500 मधून 200 वजा करून, महिन्याला 80 तास धरून, सोळा महिन्यांचा हिशेब लिहून ठेवला आहे.

मुलीकडचे लोक गेल्या रविवारी येऊन गेले. फोटो बघितला, पगार विचारला, बोत्सवाना नकाशावर शोधला. सगळं जमत आलं होतं. मुलीचा मामा अजनीच्या लोको शेडमधला. इतका वेळ तो पोहे खात गप्प बसला होता. त्याने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "इंजिनं किती आहेत म्हणे याच्या इमानाले?"

"एक," मी म्हटलं.

"एक?" तो मुलीच्या बापाकडे वळला. "आपण मालगाडीले बी दोन लावतो, भाऊ."