पुस्तक पुतणीचं, मतं खानदानाची

शरीर प्रत्येकालाच असतं, त्यामुळे शरीरशास्त्राच्या पुस्तकाबद्दल मत द्यायला वेगळी पात्रता लागत नाही. पुतणीनं बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला, पहिल्याच सत्रात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आहे असं सांगितलं, आणि आमच्या घरातल्या तमाम शरीरांनी आपापलं मत नोंदवलं.

"घ्यायचं तर ग्रेच!" भावोजी म्हणाले. भावोजी बँकेतून निवृत्त. ग्रेचं पुस्तक त्यांनी पाहिलेलं नाही. त्या नावाशी जुळणारी अमेरिकन मालिका पाहिली आहे.

मग सगळं खानदान पुस्तक घ्यायला निघालं. अप्पा बळवंत चौकात दुकानदारानं ग्रे दोन्ही हातांनी उतरवला. दीड हजारावर पानं. हे पुस्तक उचलायला कोणकोणते स्नायू लागतात याची सविस्तर माहिती त्याच पुस्तकात आहे. फक्त ती वाचण्याआधी पुस्तक उचलावं लागतं, एवढीच अडचण.

१८५८ साली निघालेल्या या ग्रंथावर नाव हेन्री ग्रेचं. चित्रं मात्र हेन्री कार्टरची. ग्रेला रॉयल्टी मिळाली. कार्टरला एकरकमी दीडशे पौंड देऊन मोकळं केलं. तो त्याच वर्षी मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. पण त्याची एक युक्ती विद्यार्थ्यांनी आजही बघावी: अवयवाचं नाव त्यानं अवयवावरच लिहिलं. नाहीतर चित्रात आकडे, आकड्यांची यादी खाली, आणि सतरा नंबरची रक्तवाहिनी शोधताना वाचणाऱ्याचाच रक्तदाब वर!

आमच्या इमारतीतले डॉक्टर म्हणाले होते, "आम्ही सगळे चौरासियावर पास झालो." ग्वाल्हेरच्या चौरासिया सरांचं पुस्तक खरंच गुणी. आकृत्या इतक्या साध्या, की परीक्षेत पेन्सिलीनं जशाच्या तशा उतरवता येतात. पण ते एमबीबीएसवाल्यांसाठी, कित्येक खंडांत, आणि केवळ रचनेचं. फिजिऑलॉजी हवी तर गायटन वेगळा घ्या. म्हणजे चौरासियात शरीर मिळतं पण चालत नाही, आणि ते चालवायला गायटन लागतो. गायटनची दहाही मुलं डॉक्टर झाली, हे मी बोलून गेलो. वहिनींनी लगेच पर्स उघडली. "हेच द्या हो, पुस्तकात गुण आहे!"

एवढ्यात दादाला जुन्या पुस्तकांचा ढीग दिसला. जुन्या पुस्तकात आधीच्या मालकाचं चरित्र वाचायला मिळतं. पहिलं प्रकरण संपूर्ण पिवळं, दुसरं अधूनमधून पिवळं, तिसऱ्यापासून पुस्तक कोरं. "अहो, जुनी आवृत्ती आहे," दुकानदारानं बजावलं. दादा म्हणाला, "नव्या आवृत्तीत हाडं वाढलीत का?" मुद्दा बिनतोड होता. जन्मताना बाळाला तीनशेच्या आसपास हाडं असतात, ती जुळत जुळत मोठेपणी २०६ उरतात. माणसाची हाडं कमीच होतात. वाढतात त्या आवृत्त्या. तरी एक-दोन आवृत्त्यांचं अंतर चालतं, वीस वर्षांचं नाही. हाडं तीच राहिली तरी औषधं आणि उपचार बदलतात.

या सगळ्या गदारोळात पुतणी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वाचत होती. जिला पुस्तक हवं होतं तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पुस्तकांची परीक्षा घ्यायची रीत स्वतःच शोधली होती: प्रत्येक पुस्तकात मूत्रपिंडाचं प्रकरण उघडायचं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि बाहेर पडतं जेमतेम दीड लिटर. बाकीचं जातं कुठं? टोर्टोराचं पुस्तक देखणं आणि सविस्तर, पण जाडजूड. रॉस-विल्सनमध्ये तिला ते झटकन उमगलं: बहुतेक पाणी आणि मीठ मूत्रपिंड परत रक्तात घेतं. शिवाय त्यात अवयव कसा चालतो हे झाल्यावर तो बिघडला की काय होतं, तेही त्याच प्रकरणात. नर्सच्या पुढ्यात रोज येणार तो बिघडलेलाच!

तेच पुस्तक घेऊन घरी आल्यावर तिनं आजीला समजावलं, की लघवीची गोळी मूत्रपिंडाला मीठ परत घेऊ देत नाही, आणि मिठामागून पाणीही निघून जातं. आजी म्हणाली, "म्हणून होय डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात! मी आपली रात्री घेत होते, विसरायला नको म्हणून." पुस्तकाची किंमत तिथंच वसूल झाली.

तेव्हा पालकहो, पुस्तक घ्यायला जाताना विद्यार्थ्याला न्या आणि खानदान घरी ठेवा. आधी अभ्यासक्रम बघा, मग एकच अवघड विषय दोन-तीन पुस्तकांत वाचायला लावा. जे वाचून मूल आजीला मराठीत समजावू शकेल, ते घ्या. आणि ग्रेशिवाय चैनच पडत नसेल, तर तो कॉलेजच्या ग्रंथालयात असतो. तिथं तो फुकट वाचता येतो आणि घरी उचलूनही आणावा लागत नाही.