सोबतराव

डॉक्टरांच्या परिषदेत गळ्यातल्या पट्ट्यांना रंग असतात. बोलणाऱ्यांना लाल, ऐकणाऱ्यांना निळी आणि नुसतं जेवणाऱ्यांना पिवळी. पिवळीच्या कार्डावर ‘अकम्पनिंग पर्सन’ एवढंच छापलेलं. आम्हा बायकांना त्याचं काही वाटत नाही. नवऱ्यांमागून हिंडून आम्ही मुरलेल्या. पहिला चहा संपायच्या आत रेशमाचं दुकान कुठं, माना डोलावणाऱ्या बाहुल्या कुठं, सगळं ठाऊक झालेलं असतं. पंचाईत होते पुरुषांची. त्यातही बायको नेत्रतज्ज्ञ आणि स्वतः बँकेतून निवृत्त, अशा मराठी पुरुषाची. या जातीला मी सोबतराव म्हणते.

तंजावरला भेटलेले सोबतराव कार्ड उलटं घालून वावरत. चारचौघांत बायकोला ‘डॉक्टर’, खोलीचं दार लागलं की ‘अगं, माझा कंगवा कुठाय?’ मोतीबिंदूच्या फेको मशीनच्या स्टॉलवर त्यांना सर्जन समजून विक्रेत्यानं अर्धा तास माहिती दिली. यांनी गंभीरपणे ऐकून एकच प्रश्न केला, “व्याजदर काय धरलाय?”

पण खरा सोबतराव तंजावरमध्ये फुलतो, कारण हे गाव त्याला आजोळच वाटतं. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास इथं गादी स्थापली ती १८५५पर्यंत भोसल्यांकडे होती, हे तो रिक्षावाल्यालाही सांगतो. मराठीत. रिक्षावाला तमिळमध्ये मान्य करतो आणि भाडं वाढवतो. नाश्त्याच्या वेळी आमच्या सोबतरावांनी वाढप्याला बजावलं, सांबार हा आमच्याच राजांच्या मुदपाकखान्यातला पदार्थ. (ही गोष्ट सगळेच सांगतात, पुरावा मागून कुणी जेवणाचा विचका करत नाही.) वाढप्यानं आणखी दोन पळ्या वाढल्या. इतिहासाचा एवढा रोख मोबदला मी दुसरीकडे पाहिला नाही.

एके दिवशी पहाटेच ते बृहदीश्वराच्या देवळात गेले. राजराज चोळानं १०१०च्या सुमारास पुरं केलेलं ते दोनशे फुटांहून उंच शिखर त्यांनी चालता चालता पाहिलं, ‘चांगलं आहे’ म्हणाले आणि थेट भोसल्यांच्या शिलालेखाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला हा भोसल्यांचा सबंध इतिहास, मराठीत, भिंतच्या भिंत भरून! सोबतरावांनी खड्या आवाजात वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीत अडकले. मग मागे जमलेल्या शाळेच्या पोरांकडे वळून म्हणाले, “पुढचं साधारण असंच आहे.”

तिथून सरस्वती महाल ग्रंथालय. आणि इथं मात्र या माणसाबद्दल माझं मत बदललं. संग्रहालय बघून, विक्रीची पुस्तकं उभ्या उभ्या चाळून त्यांनी शोधून काढलं, की सरफोजीराजे नेत्रविद्येच्या नादी लागलेले होते. त्यांच्या धन्वंतरी महालात मोतीबिंदूवर उपचार होत, एकेका रुग्णाची नोंद ठेवली जाई, सोबत त्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र. दोनशे वर्षांपूर्वीचे हे केसपेपर आजही याच ग्रंथालयाचा ठेवा आहेत. आणि चारशे नेत्रतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर, पडदे ओढलेल्या गार हॉलमध्ये, डोळ्यांची रंगीत चित्रंच बघत बसलेले!

रात्री जेवताना सोबतरावांनी हे सगळं सांगितलं. लाल पट्ट्या गोळा झाल्या. कुणी वही काढली. एका ज्येष्ठ सर्जननं अदबीनं विचारलं, “सर, आपण प्रॅक्टिस कुठं करता?”

“ते माझ्याबरोबर आलेत,” डॉक्टरीणबाई पापड मोडत म्हणाल्या. पण आवाजात जरा ऐट होती.

दुसऱ्या दिवशी भर बाराला, भाषणांना दांडी मारून, सगळी लाल-निळी मंडळी शिलालेख पाहायला निघाली. पहाटेच जा, असं सोबतरावांनी परोपरीनं सांगितलं होतं. देवळाचं आवार दगडी आहे, आणि चपला बाहेर काढाव्या लागतात.