स्प्रिंग कापू नका

ग्राइंडर लावायचा, पुढच्या स्प्रिंगचा दीड वेढा उडवायचा, शॉकअप परत चढवायचा. गाडी दोन इंच खाली. राज्यातल्या कुठल्याही शहरात हे काम दुपारच्या जेवणाआधी उरकून मिळतं आणि पोरं वर पार्टी देतात. ही शुद्ध नासधूस आहे. गाडी खाली घेण्याला माझी अजिबात हरकत नाही. योग्य स्प्रिंगा घालून नीट बसवलेली छोटी हॅचबॅक घाटाच्या वळणात किती आज्ञाधारक होते, हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला पटवून द्यावं लागत नाही. माझं भांडण कटरशी आहे.

कॉइल स्प्रिंगचा कडकपणा मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: तारेची जाडी, वेढ्याचा घेर आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक झाली. तारेची जाडी नुसती १० टक्क्यांनी वाढवली तर कडकपणा ४६ टक्क्यांनी वाढतो, कारण तिथे जाडीचा चौथा घात लागतो. स्प्रिंग बनवणारा अभियंता मिलिमीटरच्या दशांशावर डोकं फोडतो ते उगाच नाही. कापणारा मात्र अंदाजाने खूण करतो. गॅस कटर वापरला तर आणखी वाईट: पोलादाला दिलेलं पाणी त्या जागी उतरतं आणि तार तिथूनच तुटायला मोकळी होते.

खरा धोका दिसत नाही. स्प्रिंगचं खालचं टोक स्ट्रटच्या ताटलीतल्या खाचेत बसावं अशा आकाराचं असतं. कापलेलं टोक तिथे बसत नाही, टेकून राहतं. खड्ड्यावर चाक लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते, जागेवरून सरकते आणि चाक परत वर येताना वाकडी दाबली जाते. हे वरंध घाटात, उतारावर, ब्रेक दाबलेला असताना व्हावं का?

चांगल्या कंपनीची लोअरिंग स्प्रिंगसुद्धा आखूडच असते, मग फरक काय? तिच्या एका टोकाला जवळजवळ चिकटलेले, मऊ वेढे ठेवलेले असतात. गाडी जमिनीवर उभी असली की ते पूर्ण दाबलेले असतात, भार उचलण्यात त्यांचा वाटा उरत नाही. चाक लोंबकळलं की ते उघडतात आणि स्प्रिंगला तिच्या जागेवर धरून ठेवतात. कापलेल्या स्प्रिंगला हा जामीन नाही.

आता बसवण्याबद्दल, कारण उत्तम स्प्रिंगा आणून वाटोळं करणारेही कमी नाहीत. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबावर. त्या खांबाच्या डोक्यावरचा नट स्प्रिंगला दाबून धरतो. स्प्रिंग कंप्रेसर न लावता तो सोडला तर वरचं माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. कंप्रेसरचे दोन आकडे समोरासमोर लावा, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे फिरवा, हाताच्या पान्याने. इम्पॅक्ट गन त्यासाठी नाही. ताटलीवर स्प्रिंग हाताने फिरू लागली की मगच नटला पाना लावा, आणि तेव्हाही तोंड खांबाच्या वर नको.

खांब उघडलाच आहे तर माउंटिंगचं रबर, बेअरिंग आणि बंप रबर तपासा. गाडी ३५ मिलिमीटर खाली आली म्हणजे चाकाला वर जायला तेवढीच जागा कमी झाली, म्हणून स्प्रिंगवाला सांगतो तेवढं बंप रबर आखूड करावं लागतं किंवा बदलावं लागतं. हे टाळलं की गाडी दर खड्ड्याला रबरावर आपटते आणि मालक ‘स्प्रिंगा फार कडक आहेत’ म्हणून ओरडतो. जुन्या, तेल गळणाऱ्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग घालू नका. स्प्रिंग भार पेलते, तिचे हेलकावे शॉकअप थांबवतो. शॉकअप मेलेला असेल तर गाडी उसळत राहते.

एक गोष्ट तर फारच कमी ठिकाणी केली जाते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उतरवा, तिचं वजन तिच्या अंगावर येऊ द्या, मग आवळा. नाहीतर आतलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागचं काम तुलनेने सोपं, कारण बऱ्याच गाड्यांत तिथे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते. अ‍ॅक्सल खाली सोडताना ब्रेकचा पाइप ताणला जात नाही एवढं पाहायचं. जुन्या काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी खाली आली की त्याला वाटतं डिकीत सामान आहे, आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. तो जुळवून घ्या. शेवटी अलाइनमेंट, आणि स्प्रिंगा बसल्यावर काही दिवसांनी पुन्हा अलाइनमेंट.

लोअरिंगपेक्षाही मोठा प्रश्न सीएनजीचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. छोटी गाडी साधारण ९०० किलोची. त्यात बाहेरून किट बसवलं की पोलादी टाकी, तिचा स्टँड आणि गॅस मिळून साठएक किलो मागच्या चाकांच्याही मागे जाऊन बसतात. म्हणजे एक माणूस कायमचा डिकीत. गणपतीला चौघे जण आणि बॅगा घेऊन कोकणात निघालेली अशी गाडी मागून जमिनीला टेकायला आलेली असते, आणि पुढचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. कारखान्यातून सीएनजी घेऊन येणाऱ्या गाड्यांचं सस्पेन्शन कंपन्या त्या वजनासाठी वेगळं जुळवतात. बाहेरून किट बसवून घेणाऱ्याला कोणी तसं देत नाही. तो मग वेढ्यांमध्ये रबराचे बफर कोंबतो. त्याने मधला वेढा बंद पडतो आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो. अशा गाडीला हवी असते मागच्या वजनाप्रमाणे बनवलेली, पूर्ण लांबीची, जरा जाड तारेची स्प्रिंग.

‘आपल्या रस्त्यांवर खाली घेतलेली गाडी चालणारच नाही’ हे वाक्य अर्धंच खरं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या शिफारशीप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार हवा. २,४५० मिलिमीटर व्हीलबेसची स्विफ्ट त्यावर मधोमध उभी राहिली तर पोटाखालची ४४ मिलिमीटर जागा जाते. तिचा ग्राउंड क्लीअरन्स १६३. त्यातले ३५ लोअरिंगने घेतले तरी ८४ उरतात. इंजिनाखालचं चेंबर फुटतं ते गल्लीतल्या मंडळींनी एका रात्रीत ओतलेल्या फूटभर रुंदीच्या डांबरी बांधावर. तो बांध रुग्णवाहिकेलाही तेवढाच छळतो. तो उखडा.

कायद्याकडे या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितलं, आणि कलम १८२अ प्रमाणे नियमाबाहेरच्या दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. उद्देश चांगला आहे. पण मंजूर सीएनजी किट बसवलं तर आरसीवर त्याची नोंद होते. त्या किटमुळे लागणाऱ्या स्प्रिंगला मात्र अशी रुळलेली वाट नाही. जर्मनीत स्प्रिंगांबरोबर तपासणीचा अहवाल येतो, टीयूव्हीसारख्या संस्थेचा अभियंता गाडी पाहतो आणि कागदावर नोंद करतो. ज्याने नियमाने काम केलं त्याला लपावं लागत नाही. आपल्याकडे कटरवाला आणि काळजीने काम करणारा, दोघांनीही गुपचूप राहायचं. अशा बाजारात स्वस्त तेच जिंकतं.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. गाड्या आणि त्यांचे भाग तपासणं हेच तिचं काम. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने स्प्रिंगांसाठी चाचणी आणि मंजुरीची पद्धत ठरवावी, आरटीओने तपासून आरसीवर नोंद करावी, आणि सुरुवात बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगांपासून करावी. कापलेल्या स्प्रिंगची गाडी मात्र पासिंगला आली तर तिथेच थांबवावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांनो, स्टिअरिंग पूर्ण वळवा, चाकामागे टॉर्च मारा आणि स्प्रिंगचं खालचं टोक पाहा. रंग उडालेलं, ग्राइंडरच्या रेघा असलेलं टोक दिसलं तर चारही स्प्रिंगा बदलून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.